सरंजाम, वतन आणि नॉर्मनांची जमीन



रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला भाविक बहुधा ओवरीत क्षणभर टेकतो. येथील गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळचा. सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांनी बांधलेला, आणि ओवऱ्या शिंदे व पवार या सरदार घराण्यांनी बांधून दिलेल्या, असे या देवस्थानाच्या इतिहासात सांगितले जाते. एकाच आवारात ही नावे जमली याचे भाविकाला नवल वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. परंतु तीच नावे इतिहासाच्या नजरेने वाचली, तर अठराव्या शतकातील मराठी राज्याची सगळी रचना डोळ्यांपुढे उभी राहते. मध्यभागी पेशवे आणि भोवती आपापली फौज, आपापला मुलूख व आपापला खजिना बाळगून असलेली सरदार घराणी.

या रचनेला आज सरसकट 'सरंजामशाही' म्हटले जाते. शाळेच्या पुस्तकात युरोपच्या मध्ययुगाचा धडा येतो, तेव्हा तेथील व्यवस्थेलाही हाच शब्द असतो. मराठीत सरंजाम म्हणजे मुळात सामग्री, साहित्य, जय्यत तयारी. लग्नाचा सरंजाम, स्वारीचा सरंजाम असे आजही सहज बोलले जाते. फार्सीतून आलेला हा शब्द मराठी राज्यात फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या उत्पन्नाला लागला. पुढे इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, तेव्हा युरोपातील 'फ्यूडल' पद्धतीच्या गळ्यात तोच शब्द बांधला गेला. भाषांतरकारांची सोय झाली, पण इतिहासाचा घोटाळा झाला. शब्द एक म्हटला की वस्तूही एकच, असा समज रुजतो. मग एखादा विद्वान सांगतो, शिवछत्रपतींचे राज्यही अखेर सरंजामीच होते. त्याला उत्तर देणारा तितक्याच आवेशाने म्हणतो, आपल्याकडे सरंजामशाही कधी नव्हतीच. कागदपत्रे या दोघांनाही साथ देत नाहीत.

युरोपातील मूळ वस्तू कशी होती, हे आधी पाहिले पाहिजे. तिचे सर्वांत रेखीव रूप दिसते ते नॉर्मन लोकांनी जिंकलेल्या इंग्लंडमध्ये. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडचे लोक. स्कँडिनेव्हियातून नौकांतून येऊन फ्रान्सच्या नद्यांकाठची गावे लुटणाऱ्या या टोळ्यांपैकी एकीच्या नायकाला, रोलोला, फ्रान्सच्या राजाने ९११ साली सेन नदीच्या मुखाकडील मुलूख देऊन टाकला. लुटारूलाच राखणदार नेमण्याची ही युक्ती. दीडशे वर्षांत त्याचे वंशज ख्रिस्ती झाले, फ्रेंच बोलू लागले, घोड्यावरून लढण्यात युरोपभर नावाजले गेले. त्यांच्यापैकी काही दक्षिण इटलीत उतरले आणि त्यांनी सिसिली बेट मुसलमान अमिरांकडून जिंकून घेतले. घरी राहिलेल्यांचा ड्यूक विल्यम १०६६ साली समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला. १४ ऑक्टोबर रोजी हेस्टिंग्जजवळ इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड लढाईत पडला, आणि त्याच वर्षीच्या नाताळात वेस्टमिन्स्टर येथे विल्यमने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला.

राज्य मिळाले, पण बरोबर आलेल्या हजारो हत्यारबंद माणसांना द्यायचे काय? त्या सर्वांना कायमचा रोख पगार देईल एवढा खजिना त्याच्यापाशी नव्हता. प्रजा परकी होती, भाषा परकी होती, ठिकठिकाणी बंडे होत होती. विल्यमपाशी विपुल होती ती एकच वस्तू, जिंकलेली जमीन. त्याने ती वाटली. सगळ्या भूमीचा मूळ धनी राजा, आणि इतर प्रत्येकाने ती राजाकडून किंवा राजाच्या कुळाकडून अटींवर धारण करायची, असा सिद्धान्त त्यातून दृढ झाला. मोठ्या सरदाराने अमुक इतके घोडेस्वार राजाच्या कामाला हजर करायचे. त्याने आपली जमीन आपल्या हाताखालच्या स्वारांना त्याच अटीवर द्यायची. सरदार मेला की त्याच्या मुलाने नजराणा भरून जमीन आपल्या नावे करून घ्यायची. मुलगा अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत उत्पन्न राजाने खायचे. वारस मुलगी असेल तर तिचे लग्न कोणाशी व्हावे हेही राजाच्या संमतीने ठरायचे.

या व्यवहाराचा एक विधी होता. जमीन घेणारा निःशस्त्र होऊन, बोडक्या डोक्याने गुडघे टेकी, दोन्ही हात जोडून धन्याच्या हातांत देई आणि आजपासून आपण तुमचे माणूस झालो असे म्हणे. मग जमिनीची खूण म्हणून त्याच्या हाती मातीचे ढेकूळ किंवा काठी दिली जाई. निष्ठा आणि जमीन यांची गाठ त्या विधीत अशी बांधलेली होती की एक सुटली की दुसरीही सुटावी.

आणि ज्यांची जमीन होती त्यांचे काय झाले? विल्यमने १०८६ साली साऱ्या देशाची पाहणी करवली. कोणत्या गावात किती नांगर, किती कुळे, किती डुकरे, हेस्टिंग्जपूर्वी धनी कोण होता आणि आता कोण आहे, हे सर्व तिच्यात उतरवून घेतले. या दप्तरावर अपील नाही, म्हणून लोकांनी त्याला कयामतीच्या दिवसाचे नाव दिले. त्यात राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या बड्या सरदारांमध्ये मूळचे इंग्रज शोधू गेले तर दोघेच सापडतात. वीस वर्षांत एका देशाचा भूस्वामीवर्ग जवळजवळ समूळ उपटला गेला. सुलतानी आक्रमणे भोगलेल्या भारतीय माणसाला या दोन आकड्यांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. त्यातही युरोपात आक्रमक आणि आक्रांत एकाच धर्माचे होते, आणि स्वारीला पोपचा आशीर्वाद होता असे विल्यमचे भाट अभिमानाने लिहून गेले आहेत.

विल्यम मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. ज्याला जमीन दिली तोच उद्या उलटेल, हे तो स्वतःच्या चरित्रावरून ओळखून होता. तोही फ्रान्सच्या राजाचा मांडलिक म्हणूनच वाढला होता. त्याच्या राज्यात मोठ्या सरदारांची जमीन एका जागी सलग न राहता अनेक परगण्यांत विखुरलेली दिसते. त्याचा सावत्रभाऊ रॉबर्ट याची जमीन एका टोकाला कॉर्नवॉलमध्ये, दुसऱ्या टोकाला यॉर्कशायरमध्ये होती. सीमेवरचे काही ठाणेदार तेवढे अपवाद. शिवाय १०८६ च्या ऑगस्टात सॉल्सबरी येथे त्याने सरदारांच्या हाताखालच्या प्रमुख जमीनधारकांनाही बोलावून राजनिष्ठेची शपथ घ्यायला लावली, जेणेकरून सरदार फिरला तरी त्याची माणसे फिरू नयेत. तजवीज चांगली होती, पण ती माणसाच्या धाकावर उभी होती. त्याचा मुलगा पहिला हेन्री ११३५ साली वारला आणि गादीसाठी भांडण जुंपले, तेव्हा सरदारांनी विनापरवाना कोट उभारले. एकोणीस वर्षे रयत नागवली गेली. ते कोट पाडण्याचे काम ११५४ नंतर दुसऱ्या हेन्रीला करावे लागले.

महाराष्ट्रात यासारखे काय होते? येथे एकावर एक असे दोन थर होते आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळेच पुढचा सगळा गोंधळ होतो.

खालचा थर वतनाचा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार, प्रत्येकाचे काम वंशपरंपरेने ठरलेले आणि त्या कामाचा मोबदला म्हणून जमीन, मानपान, हक्क हेही वंशपरंपरेने ठरलेले. देवगिरी गेली, बहमनी आली, तिची पाच शकले झाली, निजामशाही बुडाली, पण गावचा पाटील तोच राहिला. वतन कोणा एका राजाच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हते. ते भावाभावांत वाटले जाई, विकले जाई, गहाण पडे. त्यासाठी गोतसभा बसत, महजर होत, तंटा मिटेना तर तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्यही होई. नॉर्मन जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकटे नशीब काढायला परमुलखी जात. मराठी वतनाच्या मात्र वाटण्या होत आणि धाकटे घरीच राहून थोरल्याशी भांडत. भाऊबंदकी हा शब्द मराठीत इतका ठसठशीत का, याचे एक कारण या वाटण्यांत आहे.

वरचा थर मोकाशाचा, जहागिरीचा, पुढच्या भाषेत सरंजामाचा. यात राजा आपल्या हक्काचा वसूल एखाद्या सरदाराला तोडून देई आणि त्यावर त्याने ठरलेली फौज बाळगावी अशी अट असे. मालोजीराजांना आणि शहाजीराजांना पुणे-सुपे मिळाले ते या नात्याने. मोकासदार गावचा मालक नव्हता. शेत मिरासदार शेतकऱ्याचे असे, ते तो विकू शके. राजाची मर्जी फिरली की मोकासा दुसऱ्याला जाई. इनाम ही याहून वेगळी तऱ्हा, त्यात चाकरीची अट नसे. याच शिरूर तालुक्यातील पाबळ आणि केंदूर ही गावे थोरल्या बाजीरावांनी मस्तानीला दिली ती इनाम म्हणून.

नॉर्मन जहागिरीत हे दोन्ही थर एक झाले होते. वंशपरंपरा, भूमीवरचा हक्क, लष्करी चाकरी, कोट आणि कुळांचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार एकाच घराच्या हाती होता. तेथील अस्वतंत्र कुळाला धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. इकडे जमीन मुबलक आणि माणूस दुर्मीळ होता. आदिलशाही फौजेने पुणे जाळले, त्या आगेमागेच १६३० च्या दुष्काळाने देश ओस पडला. तो पुन्हा वसवण्यासाठी दादोजी कोंडदेवांनी पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे चढत जाणारा सारा लावून रयतेला बोलावून आणले. या सवलतीला इस्तावा म्हणत. जुलूम वाढला तर उपरी कूळ रातोरात बैलगाडी जुंपून शेजारच्या परगण्यात निघून जाई, आणि त्याचा धाक मोकासदाराला असे. येथला शेतकरी म्हणून सुखी होता असे समजू नये. पळून जाण्याची मुभा हे काही सुखाचे लक्षण नव्हे.

भारतीय इतिहासावर 'फ्यूडल' साचा बसवण्याचा मोठा प्रयत्न रामशरण शर्मा यांनी १९६५ साली ग्रंथरूपाने केला. त्यावर, भारताच्या इतिहासात अशी व्यवस्था होती तरी काय, असा रोकडा प्रश्न १९७९ साली हरबन्स मुखिया यांनी विचारला. हे दोघेही काही राष्ट्रवादी गोटातील इतिहासकार नव्हेत. गंमत अशी की पुढे खुद्द इंग्लंडमध्ये सुझन रेनॉल्ड्स या विदुषीने १९९४ साली दाखवून दिले की युरोपातील सगळ्या प्रदेशांना आणि सगळ्या शतकांना मिळून बसेल असा एक साचाही पुष्कळसा नंतरच्या कायदेपंडितांनी रचलेला आहे. ज्यांचा अंगरखा त्यांनाच तो नीट बसत नाही, तो आपल्या पूर्वजांच्या अंगात कोंबण्याची घाई कशाला?

शिवछत्रपतींच्या राज्यात याविषयी काय धोरण होते, ते कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या पदरी असताना लिहून ठेवले आहे. वतनदारांनी गावोगाव बांधलेले हुडे व वाडे महाराजांनी पाडले. पुढे त्यांनी बुरुजाविना साधी घरे बांधून राहावे असा दंडक घातला. त्यांनी रयतेकडून मनमानी वसूल करायचा नाही, सरकारने ठरवून दिलेला हक्क तेवढा घ्यायचा. जमीन पाच हात पाच मुठींच्या काठीने मोजली गेली. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असा हिशेब ठरला. लष्कराला आणि गडकऱ्यांना गाव तोडून दिले नाहीत, वेतन रोख किंवा खजिन्यावरील वरातेने दिले. सभासदाने त्याची कारणेही नोंदली आहेत: गाव तोडून दिले तर रयत नागवली जाते, मोकासदार बळावतात आणि एकमेकांत मिळून पुंडावा करतात. इंग्लंडात एकोणीस वर्षांच्या यादवीतून जे कळले, ते येथे आधीच ताडले होते.

गडांची व्यवस्था याहून बोलकी आहे. नॉर्मन कोट पुष्कळदा सरदाराच्या कुटुंबाचे घर असे, बापामागून मुलाकडे जाई. स्वराज्यातील गड कोणाच्या घराण्याचा नव्हता. त्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे, वेगवेगळ्या जातींचे, एकमेकांवर नजर ठेवून असत. तीनशेच्या आसपास गड हाती असूनही शिवरायांच्या हयातीत एखाद्या गडकऱ्याचे घराणे त्या गडाचे राजे होऊन बसल्याचे उदाहरण नाही.

तरीही वतने त्यांनी नष्ट केली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती आवळली, मर्यादेत आणली, पण उखडली नाहीत. उखडणे शक्यही नव्हते, कारण राज्याचे हातपाय मावळचे देशमुखच होते. सरदेशमुखीचा हक्क सांगताना महाराजांनी स्वतः वतनदारीचीच भाषा वापरली. देवस्थानांची इनामेही चालू राहिली. त्यांच्या कर्तृत्वाचे माप घ्यायचे ते या वस्तुस्थितीच्या चौकटीत.

कान्होजी जेधे यांची हकीकत येथे आठवावी. १६५९ साली अफजलखान निघाला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन गमवाल. उत्रवळीचा खंडोजी खोपडे जाऊन मिळालासुद्धा. कान्होजी आपल्या मुलांसह शिवरायांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवले. वतनाचे काय, असे राजांनी विचारल्यावर त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले, असे जेधे करीन्यात आहे. उदक सोडणे म्हणजे आपल्या संस्कारात दान पूर्ण होणे, मागे हात न घेणे. नॉर्मन सरदार धन्याचे माणूस होताना त्याच्या हातून मातीचे ढेकूळ घेत होता आणि मावळातील हा देशमुख धन्याचे माणूस होताना आपल्या बापजाद्यांच्या मातीवर पाणी सोडत होता. खोपड्यासाठी पुढे कान्होजींनीच शब्द टाकला म्हणून त्याचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय महाराजांनी तोडविला. वतन राखायला गेला आणि अवयव गमावून बसला. प्रत्येक देशमुख कान्होजी नव्हता, आणि कोणतेही राज्य केवळ कान्होजींच्या भरवशावर चालवता येत नाही. म्हणूनच रोख पगाराची शिस्त हवी होती.

ती शिस्त कोठे मोडली? उत्तर रांजणगावपासून फार दूर नाही. याच तालुक्यातील वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या करविली, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना नाही, राजधानी नाही, आणि समोर मोगल बादशहा वतने, मनसबी वाटायला बसलेला. मराठा सरदाराला रोख पगार देणार कोण आणि कशातून? अखेर राजाराम महाराजांना तीच वाट धरावी लागली जी विल्यमने हेस्टिंग्जपूर्वी धरली होती. जिंकायच्या मुलखाचे वचन देऊन माणसे गोळा करणे. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद घेतल्यावर काय, आणि खुद्द दिल्ली घेतल्यावर काय द्यायचे, याची बोलणी आहे. राजा जिंजीच्या वेढ्याच्या छायेत आणि वचन दिल्लीचे! त्या वेळी हे हास्यास्पद वाटले असेल. सत्तर वर्षांच्या आत मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि अटकेपर्यंत घोडी नेली, हेही तितकेच खरे.

या धोरणाशिवाय राज्य वाचले नसते, यात शंका नाही. पण त्याची किंमत लागलीच दिसू लागली. मोगलांना जेरीस आणणाऱ्या संताजी घोरपड्यांचा १६९७ साली घात केला तो म्हसवडच्या नागोजी माने या देशमुखाने, आणि त्याआधी तो मोगलांची चाकरी करून आला होता. हे सारे जवळून पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. हे लोक राज्याचे वाटेकरीच असतात, परचक्र आले की वतनाच्या लोभाने आधी शत्रूला भेटतात, त्यांना दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्याचा आशय आहे. उपदेशापेक्षा त्यात अनुभवाचा कडवटपणा अधिक आहे.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि वाटणी बसवली. चौथाईचे शंभर भाग धरले तर पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींचे, सहा साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, तीन नाडगौंडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीतील माणसांचे, आणि उरलेले सहासष्ट ऐन मोकासा म्हणून सरदारांचे. सरदेशमुखी वेगळी. एकाच परगण्यात निरनिराळ्या बाबी निरनिराळ्या सरदारांकडे, म्हणजे कोणाचाही मुलूख सलग होणार नाही आणि सर्वांचे हितसंबंध एकमेकांत गुंतून राहतील. विल्यमने जमीन विखुरली, बाळाजीपंतांनी वसूल विखुरला. युक्ती एकाच जातीची. फरक असा की विल्यमने सॉल्सबरीला सरदारांच्या खालच्या माणसांकडूनही थेट राजनिष्ठा मागितली. साताऱ्याला तसे काही झाले नाही. शिंद्यांचा शिलेदार शिंद्यांचे मीठ खाई, त्याचा छत्रपतींशी संबंध जवळपास नव्हता.

नर्मदा ओलांडल्यावर तर विखुरणीही सुटली. माळव्यात होळकर, शिंदे, पवार यांचे सलग मुलूख झाले. फौजेसाठी दिलेला सरंजाम कायद्याने हयातीपुरता, पण व्यवहारात नजराणा घेऊन मुलाकडे, नातवाकडे जाऊ लागला. वरच्या थराला खालच्या थराचे, म्हणजे वतनाचे, गुण लागले. मराठी राज्य नॉर्मन इंग्लंडच्या सर्वांत जवळ आले ते या टप्प्यावर. ही सरदार घराणी कर्तबगार होती, पानिपतावर त्यांनी रक्त सांडले, अहिल्याबाईंसारखी राज्यकर्ती त्यांच्यातच निपजली. दोष माणसांपेक्षा बांधणीचा अधिक होता. तो उघडा पडला २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरच्या माळावर. यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. मराठ्यांचे मुख्य शहर पुणे, आणि त्याच्या वेशीवर मराठ्यांचे दोन सरंजामदार एकमेकांवर तोफा डागत होते. दुसऱ्या बाजीरावाने वसईला जाऊन वर्षाच्या अखेरच्या दिवशी इंग्रजांशी तह केला, आणि त्यांची तैनाती फौज पदरात घेतली. त्या फौजेचा पगार भागविण्यासाठी पेशव्याने मुलूख तोडून दिला. सरंजाम देण्याची सवय अखेर अशी परक्याच्या उपयोगी पडली.

वरचा थर असा गेला. खालचा थर इंग्रजी अमलातही टिकला, कारण इंग्रजांना तो सोयीचा होता. त्या थराच्या तळाशी महार वतन होते. परंपरेने बावन हक्कांचा गौरव सांगायचा, आणि प्रत्यक्षात वतनदाराला रात्रंदिवस सरकारी आणि गावकीच्या कामाला अडकवून तुटपुंज्या मोबदल्यावर ठेवायचे. वतन येथे मान न राहता बेडी झाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ चा वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक मांडले, ते ही बेडी तोडण्यासाठी. आपल्याकडे नॉर्मन पद्धतीचे बांधलेले कूळ नव्हते असे म्हणून जो थांबतो, त्याने हे विधेयक वाचावे. हिंदू समाजाच्या एका अंगाला गावाशी जखडून ठेवणारी व्यवस्था आपणच चालवली होती, आणि तिला सुलतानाचे वा साहेबाचे नाव देऊन मोकळे होता येत नाही.

पुढचे काम स्वतंत्र भारतात कायद्याने झाले. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, सरंजाम व जहागिरी परत घेण्याचे नियम १९५२ चे, कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, आणि मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा १९६२ चा. बारा-तेरा वर्षांत, रक्ताचा थेंब न सांडता, कित्येक शतकांची रचना कागदावरून पुसली गेली. इंग्लंडमध्ये लष्करी चाकरीच्या अटीवरची जमीनधारणा १६६० साली संपली. स्कॉटलंडमध्ये जुन्या पद्धतीची जमीनधारणा कायद्याने पूर्ण संपायला २००४ चा नोव्हेंबर उजाडला. आणि नॉर्मंडीच्या जुन्या राज्याचा अवशेष असलेल्या सार्क नावाच्या चिमुकल्या बेटावर, सगळे सभासद मतदानाने निवडलेली पहिली सभा २००८ च्या डिसेंबरात आली. प्रगत म्हणून मिरवणाऱ्यांच्या घरातील हे जुने सामान बरेच उशिरा निघाले.

आपल्याही घरातील सगळे निघालेले नाही. तलाठी कार्यालयातील सातबारा आणि जुने फेरफार चाळले, तर 'वतन' आणि 'इनाम' हे शब्द आजही भेटतात. महार वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या त्या अटींसह मिळाल्या. कारखान्यांमुळे जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या रांजणगावसारख्या भागात अशी जमीन विकायची झाली, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि शासनाकडे ठराविक रक्कम भरावी लागते. बाराव्या शतकात वडिलांची जमीन आपल्या नावे करून घेणारा नॉर्मन सरदार जी रक्कम राजाकडे भरी, तिला मराठीत जो शब्द लावावा लागतो, तोच शब्द या रकमेलाही आहे: नजराणा.